वाहत्या पाण्याचा नमुना

अहवालाच्या एकशे बाराव्या पानावर ज्ञानेश्वरी आली तेव्हा तिचा चहा निम्मा प्यायचा राहिला होता, आणि तो तसाच राहिला. पानावर चार छायाचित्रं होती. तिसऱ्यात कुणीतरी नदीच्या वाळूत उकिडवं बसून पांढऱ्या बाटलीत पाणी भरत होतं. चेहरा चौकटीबाहेर गेलेला. दिसत होते ते दोन हात, गुडघ्याच्या वर खोचलेलं धोतर आणि बाटलीवर चिकटवलेली चिठ्ठी. डाव्या हाताच्या तर्जनीला शेवटचं पेर नव्हतं. ते पेर तिच्या जन्माआधी मेंढरं कातरताना कातरीत गेलं होतं, आणि त्या आखूड बोटाला धरून ती चालायला शिकली होती. तिने चित्र मोठं केलं. मोठं केल्यावर हात फुटले, त्यांचे चौकोन चौकोन झाले. तिने ते पुन्हा लहान केलं. खाली जी ओळ तिला मराठीत आणायची होती ती अशी: छायाचित्र ४.३, भूपृष्ठजलाचा नमुना घेताना, ठिकाण तीन, हिवरी नदी, मौजे धोंडखेडा. आबांना, तिच्या वडिलांना, जाऊन चार महिने झाले होते. त्यांचा एकही बरा फोटो घरात नाही म्हणून तेराव्याला आधार कार्डावरचाच मोठा करून लावला होता, आणि इथे, संभाजीनगरातल्या जालना रोडवर, फर्निचरच्या दुकानाच्या डोक्यावरच्या तिसऱ्या मजल्यावर, कुणाच्या तरी फायलीत ते जानेवारीपासून बसून होते.

या ऑफिसात अहवाल बनत. कुणाला कारखाना काढायचा असला किंवा असलेला वाढवायचा असला, की आसपासच्या हवेचं, पाण्याचं, नदीच्या सगळ्या पाणलोटाचं त्याने काय होईल ते मोजून लिहून द्यायचं, हा इथला धंदा. मूळ अहवाल इंग्रजीत, पण जनसुनावणीच्या महिनाभर आधी त्याचा मराठी सारांश ग्रामपंचायतीत ठेवावा लागे, आणि तो ज्ञानेश्वरी करून देई. सकाळी एका कॉलेजात तासिकेवर मराठी शिकवायचं, दुपारी इथे येऊन ‘नगण्य’, ‘अल्पकालीन’, ‘शमन उपाय’ असले शब्द एकापुढे एक मांडायचे. हे काम मात्र तिने मागून घेतलं होतं. शेंद्र्याच्या पुढचं धोंडखेडा हे आपलं गाव आहे, असं ती ऑफिसात कुणालाच बोलली नव्हती. तिला फक्त वाचायचं होतं. एवढं मोजतात, एवढी पानं भरतात, तर कुठेतरी लिहिलेलं असणारच, असं तिला वाटत होतं, की हिवरी काळी कशाने झाली, कधी झाली, कुणी केली. आबांच्या मूत्रपिंडांचं काय झालं ते डॉक्टरांनी सांगितलं होतं. कशाने झालं असं तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, “सत्तरी ओलांडलेली. बाजारातल्या दुखण्यावरच्या गोळ्या खात असतील. पाणीही असेल. एकच एक कारण नाही सांगता येत.” त्या क्षणापासून तिला रागवायला माणूस हवा होता. तिने पुष्कळ वाचलं होतं. माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांना राग येतो, हेही तिने वाचलं होतं. पण तो चार-चार महिने जबड्यात बसतो, भाकरी चावताना कानाखाली दुखतं, वर्गात पोरं हसली की हातातला खडू आपोआप मोडतो, हे तिने कुठे वाचलं नव्हतं.

हात बघून झाल्यावर तिला पाणी दिसलं. ते नदीचं नव्हतं. आबा नदीकडे पाठ करून बसले होते. त्यांच्या पुढ्यात वाळूत उकरलेला हातभर खोल खड्डा होता, आणि खड्ड्यात आरशासारखं पाणी. झिरा. मेंढरांमागे जन्म काढलेला माणूस नदीच्या धारेला कधी तोंड लावत नाही. प्रवाहापासून चार पावलं दूर, काठाच्या अंगाला वाळू उकरायची, गढूळ येईल ते पहिलं पाणी उपसून टाकायचं, दुसरंही टाकायचं, मग वाळूतून झिरपून येतं ते तांब्यात धरायचं. “वाहतं पाणी कुणाकुणाला धुऊन आलेलं असतं,” असं आबा म्हणत, आणि हे ते हिवरी निर्मळ होती तेव्हाही म्हणत. लहानपणी मेंढरांबरोबर हिंडताना झिरा उकरायचं काम तिच्याकडे असे. नखांत वाळू जाई. पाणी निवळेपर्यंत शिवायचं नाही, एवढा वेळ बसवत नसे, आणि आबा म्हणत, “घाई करू नको, पाण्याला येऊ दे.” आत्ता त्या चित्रातला खड्डा बघताना तिच्या नखांत काहीतरी टोचल्यासारखं झालं आणि तिने मूठ मिटली. बाटलीवरच्या चिठ्ठीवर नदीचं नाव होतं. बाटलीत नदी नव्हती.

तिने तक्ता काढला. ठिकाण तीन: रंग नाही. वास नाही. गाळ नगण्य. तेलकट अंश आढळला नाही. क्षार किंचित जास्त, भूगर्भीय कारणांमुळे. संक्रांतीला ती गावी गेली होती तेव्हा हिवरी शिळ्या चहाच्या रंगाची होती आणि बंधाऱ्याखाली फेस एवढा की कुत्रं त्यात शिरलं तर पांढरं होऊन निघे. पावसाळा सरला की त्या नदीत वाहतं ते वरच्या कारखान्यांनी सोडलेलंच. दुसरं पाणी तिच्यात येणार कुठून? आणि तक्त्याच्या खाली, तिला आज संध्याकाळपर्यंत मराठीत आणायचा होता तो निष्कर्ष होता. ठिकाण तीन येथील पाण्याची गुणवत्ता समाधानकारक असल्याने विस्तारित कारखान्याचे प्रक्रिया केलेले सांडपाणी सामावून घेण्याची नदीची क्षमता पुरेशी आहे. तिने वाक्य तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा ते तिच्या डोक्यात आक्काबाईच्या, म्हणजे तिच्या आईच्या बोलीत उमटलं: नदी चांगली हाय, मग अजून घाला तिच्यात. पशुपालक कुटुंबांच्या रकान्यात शून्य होतं. जानेवारीत मोजायला आले होते. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन सगळे गोदावरीच्या अंगाला उतरतात, हे मोजणाऱ्याला कोण सांगणार? आबा तेवढे आजारी म्हणून मागे राहिले होते. गावात एकच धनगर होता, आणि तो खाली वाकून यांची बाटली भरत होता. तिला जो माणूस हवा होता तो तिला सापडला होता. त्याच्या बोटाला पेर नव्हतं. आबा, काय केलंत हे, असं ती मनात म्हणाली, आणि मनातसुद्धा तिचा आवाज चढला.

मोनिका समोरच्याच टेबलावर बसे. रसायनशास्त्र शिकलेली, तिशीतली, मूळची सोयगावकडची. नमुने गोळा करायला तीच फिरे. ज्ञानेश्वरीने पडदा तिच्याकडे वळवला. “हा तीन नंबर तू घेतलास?”

“हां. का हो ताई, चिठ्ठी चुकली का?”

“हे कोण आहेत?”

मोनिकाने बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. “अगं बाई, हे बाबा! काय गोड माणूस होता, ताई. मी पात्रात उतरायला लागले तर वरून ओरडले, ए पोरी, थांब, पाय सडतील तुझे. तो फेस बघितलाय का तुम्ही? घोट्याच्या वर. वास असा की आमचा ड्रायव्हर गाडीतून उतरला नाही. बाबा म्हणले, काय पायजे तुला? म्हटलं, पाणी पायजे, सरकारला दाखवायचंय. तर म्हणले, सरकारला? मग चांगलं देऊ की! अन् बसले उकरायला. दोनदा उपसून फेकलं. म्हणले, पहिलं पाणी पाहुण्याला देत नसतेत. वरून मला भाकर खाऊ घातली, ठेचा असा की डोळ्यांतून पाणी.” ती हसली. “कोण काय म्हणलं का त्यांच्याबद्दल? कसे आहेत बाबा?”

“तू त्यांना सांगितलं नाहीस? धारेतलं हवं म्हणून?”

मोनिकाचं हसू जागच्या जागी थांबलं. तिने खुर्ची जवळ ओढली. “सांगितलं होतं,” ती हळू म्हणाली. “एकदा. पण एवढ्या मायेनं भरत होते ते. अन् खोटं कशाला बोलू, ताई, मला पण त्या घाणीत हात घालायचा नव्हता. म्हटलं नदीच्याच पात्रातलं आहे ना. एका बाटलीनं काय होतं.”

“ते माझे वडील. एप्रिलमध्ये गेले.”

मोनिकाने तोंडावर हात धरला, आणि ज्ञानेश्वरीला तिच्या त्या हाताचाही राग आला, त्यावरच्या स्वच्छ नखांचा, जानेवारीत ते हात कोरडे राहिले याचा. मग लगेच तिला दिसलं, की हे हात कोरडे राहावेत म्हणूनच तर आबा वाळूत बसले होते. राग कुठेही न्यावा तर तिथे आबा आधीच येऊन बसलेले असत.

विश्वजीत सर केबिनमध्ये होते. अहवाल बनवणारी ही कंपनी त्यांची. बिडकीनकडचं जमीनदार घराणं, चाळिशीच्या आतबाहेरचे, कधी आवाज न चढवणारे. आबा गेले तेव्हा त्यांनी स्वतः फोन करून, पंधरा दिवस येऊ नका मॅडम, काम होत राहील, असं सांगितलं होतं. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. चित्र बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, “बसा ना मॅडम. उभ्या का?”

ती बसली नाही. “नमुना झिऱ्याचा आहे, सर. नदीचा नाहीये. पुन्हा घ्यायला हवा.”

“आठ ठिकाणं आहेत मॅडम. एक इकडचं तिकडे झालं तर सरासरीत फारसा फरक पडत नाही.”

“माझं गाव सरासरीवर नाही. ठिकाण तीनवर आहे.”

त्यांनी मान हलवली, जणू हे बरोबर आहे. “खरंय तुमचं. पण हिवाळ्याचं माप हिवाळ्यातच घ्यावं लागतं. आत्ता ऑगस्ट. नदीला पूर आहे. म्हणजे सगळं एक वर्ष पुढे. कारखान्याची पार्टी थांबणार नाही. ती दुसऱ्या अहवालवाल्यांकडे जाईल आणि तिथले लोक तर नदीवर न जाताच आकडे लिहितात. आम्ही निदान जातो.” मग आवाज आणखी खाली आणून ते म्हणाले, “आणि एक सांगू का? रागावू नका. हे बाहेर काढलंत तर काय म्हणतील ते? स्थानिक माणसाने नमुन्यात ढवळाढवळ केली, असं म्हणतील. कागदावर नाव येईल तुमच्या वडिलांचं. कारखान्याचं नाही, माझंही नाही. त्यांचं. मी तुमच्याच बाजूने बोलतोय.” ते खोटं बोलत नव्हते, हेच वाईट होतं. ते कोणत्याही वाक्यात खोटं बोलत नव्हते. “असं करू,” ते म्हणाले, “फोटो काढूनच टाकू. तुम्हाला कशाला बघायला लागावा रोज,” आणि तिच्यादेखत त्यांनी तो काढला. पडद्यावर क्षणभर पांढरी जागा राहिली, मग खालची चित्रं वर सरकली आणि छायाचित्र ४.४ हे छायाचित्र ४.३ झालं. ती बघत होती. त्या पांढऱ्या जागेपुरता राग पहिल्यांदाच आबांपासून सुटा झाला. बाहेर येऊन तिने जुनी फाइल स्वतःला पाठवली, भाषांतराची अर्धवट पानं मोनिकाच्या टेबलावर ठेवली, पर्स उचलली आणि ती जिना उतरली.

रिक्षावाला म्हणाला, “शेंद्रा तक छोड देतूं मॅडम, आगे नक्को. रोड पूरा उखड्या हुआ है.” ती बसली. चिकलठाण्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामं, मग भिंती, मग भिंतींच्या आत लावलेली एकसारखी झाडं. या रस्त्याने ती आबांना मार्चमध्ये दवाखान्यात घेऊन आली होती, याच बाजूला तोंड करून ते बसले होते. आदल्या दिवशी त्यांनी आईकडून धोतर नीळ घालून धुऊन घेतलं होतं. सकाळी आंघोळ, दाढी, कपाळाला भंडारा, फेटा नवा. पाय सुजून चपलेत मावत नव्हते म्हणून चपला हातात घेतल्या होत्या, आणि दवाखान्याच्या पायऱ्यांशी आल्यावर कशाबशा पायांत कोंबल्या. डॉक्टर म्हणाले, “काय बाबा, कुणाचं लग्न?” आबा म्हणाले, “तुमचंच करू की सायब, पोरगी हाय का बघून ठिवलेली?” डॉक्टर हसले, नर्स हसली. “काय त्रास होतो?” “काय बी नाय. पोरगी ऐकत न्हाई म्हणून आलो.” “लघवी साफ होते?” “येकदम.” ती फाइल धरून मागे उभी होती. आठ दिवस ते रात्रीत चार-चार वेळा उठून बाहेर जाऊन कोरडे परत येत होते. हे तिला माहीत होतं, आईने फोनवर सांगितलं होतं. तिने ते म्हणायला हवं होतं. पण आबांनी तिच्याकडे मान वळवून बघितलं, एवढ्या धुतल्या कपड्यांत, लोकांसमोर, आणि तिच्याने बापाला खोटं पाडवलं नाही. डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. अकराव्या दिवशी आबांनी तिला ओळखलं नाही. त्या दिवसापासून तिने प्रत्येकाला हेच सांगितलं होतं की लक्षणं उशिरा दिसली. लक्षणं दिसली होती. ती फाइल धरून उभी होती. रिक्षाच्या दांड्यावर तिची बोटं एवढी आवळली गेली होती की उतरताना ती सोडवावी लागली.

शेंद्र्याहून पुढे ती एका दुधाच्या गाडीत बसून गेली. पावसाळ्यात हिवरी तांबडी होते, दुथडी वाहते, आणि दोन महिने तिचा वास मरतो. पुलावरून बघणाऱ्याला वाटावं, काय धडधाकट नदी आहे. घराच्या अंगणात आक्काबाई एका मेंढीचं तोंड मांडीत धरून तिला बाटलीने हळदीचं पाणी पाजत होती. पावसाळा म्हणून कळप घरी होता. तिचे चुलते रामहरी, ज्यांना ती तात्या म्हणे, वाघुरीला गाठी मारत ओट्यावर बसले होते. रात्री मेंढरांभोवती उभारायचं ते जाळं दर पावसाळ्यात असं दुरुस्त होई. “अवेळी आलीस?” आई म्हणाली. “जेवलीस का?” ज्ञानेश्वरीने फोन काढून दोघांना चित्र दाखवलं. आईने मेंढी सोडली, ओले हात लुगड्याला पुसले आणि फोन दोन्ही हातांत घेतला. “ह्ये हात त्येचंच की,” ती म्हणाली.

ज्ञानेश्वरीने बाकीचं सांगितलं. सांगताना ती थांबली नाही. तात्यांनी गाठ मारायची सोडली. “मग आता काय करती म्हणती तू?”

“सुनावणीत सांगणार. पाणी झिऱ्याचं होतं, आणि ते आबांनी भरलं होतं.”

“मेलेल्या माणसावर बालंट घेती का?” तात्या उठून उभे राहिले. “कालिजात शिकवती म्हणून लई शाणी झाली का? गावाम्होरं, सायबाम्होरं उभं राहून म्हणणार, माझ्या बापानं नदी बुडवली? आरं, पाव्हण्याला पाणी दिलं त्यानं. त्याला नमुना म्हणत्यात ते त्याला काय ठावं?”

“ठावं होतं, तात्या. सरकारला दाखवायचंय म्हणून ऐकल्यावर दोनदा उपसून टाकलं त्यांनी. मुद्दाम चांगलं दिलं.” ती ओट्यापाशी गेली. “ते सारखं हेच करायचे. दवाखान्यातही हेच केलं. मी मागे उभी होते.”

“म्हणून तू त्याचं नाव घालवणार व्हय!”

“भावजी, बसा,” आक्काबाई म्हणाली. तिने फोन परत दिला. मग मेंढीला पुन्हा मांडीत ओढलं आणि तिच्या जबड्यात अंगठा घालत, कुणाकडे न बघता म्हणाली, “मला सांगितलं व्हतं त्येनं.”

“कधी?” ज्ञानेश्वरीने विचारलं.

“मी भाच्याच्या लग्नाहून आले त्या दिशी. लई खुशीत व्हता. म्हणला, आक्के, आज सरकारला पाणी पाजलं. म्हणलं, कुठलं? तर म्हणला, हिवरीचं. झिरा काढला. आता कळंल त्यान्ला, आपली नदी अजून मेली न्हाई.” तिने बाटली वाकडी केली. मेंढीने तोंड हिसडलं, पाणी सांडलं. “मी लई भांडले. म्हणलं, येड्या, इतकी वर्सं कुणी बघाया आलं न्हाई, अन् आली ती पोरगी, तर तिला ती घाण दाखवायची सोडून वाळूतलं पाणी देतूस? तर मला म्हणतो कसा, लोकाच्या लेकीम्होरं आपल्या नदीची अब्रू काढू का? दोन दिस बोलले न्हाई मी त्येच्याशी.” ती थांबली. “दोन दिस वाया घालवलं. तेच दिस आता सापडंनात.”

तात्या बसले. मागे कळपातल्या मेंढ्या खोकत होत्या. एक खोकली की दुसरी, माणसांसारख्या. ज्ञानेश्वरीला आईच्या रागाचं नवल वाटत होतं. तो तिच्या रागाहून जुना होता, जिवंत माणसावर काढलेला, त्याच्या तोंडावर. तिचा स्वतःचा राग बिचारा नुसता पुस्तकांतून आणि फायलींतून फिरत राहिला होता. “लिही तू,” आई म्हणाली. “नाव घालून लिही. बापाच्या नावासकट, गावासकट.”

“लोक हसतील, वहिनी,” तात्या म्हणाले.

“हसू द्या. त्येला आता ऐकाया येत न्हाई. ह्या मेंढरान्ला अजून तीच नदी प्यायचीय.” मग मेंढी सोडून देत ती म्हणाली, “अन् तुमी बी या सुनावणीला. धोतर मळकंच नेसून या.”

जनसुनावणी सप्टेंबरात गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर झाली. मंडप, लाल खुर्च्या, एक पडदा, दोन पंखे. सारांशाचं मराठी दुसऱ्या कुणीतरी केलं होतं. त्यात ‘नगण्य’ हा शब्द एकवीस वेळा होता, तिने मोजला. अध्यक्षस्थानी जिल्ह्याचे एक अधिकारी, शेजारी टिपण घेणारा लिपिक, उजवीकडे कारखान्याचे वकील आणि विश्वजीत सर. त्यांच्या मागे मोनिका लॅपटॉप घेऊन, मान खाली घालून. सरांनी पाणलोटाचा नकाशा दाखवला, आठ ठिपके दाखवले. तिसऱ्या ठिपक्यावर लाल टिकली ठेवून ते म्हणाले, “समाधानकारक,” आणि पुढे गेले. ज्ञानेश्वरीने हात वर केला. माइक तिच्यापर्यंत यायला वेळ लागला. तिने तेवढ्या वेळात गावाकडे बघितलं. आई पहिल्या रांगेत जमिनीवर बसली होती, खुर्ची रिकामी ठेवून. तात्या अगदी मागे, खांबाला टेकून, पण आले होते.

तिने सांगितलं. ठिकाण, तारीख, झिरा म्हणजे काय, तो कसा काढतात, पाणी दोनदा कसं उपसलं, चिठ्ठीवर काय लिहिलं. जुन्या पानाची प्रत तिने अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली. वर्गात शिकवावं तसं सांगितलं, एक शब्द वर नाही की खाली नाही, आणि ते करताना कानाखालचा जबडा दगडासारखा झाला होता. मैदानात आबांच्या नावाची कुजबुज सुरू झाली. भिकन? आपला भिकन? कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. वकील उठले. ते नम्र होते. “मॅडम, आपल्याबद्दल सहानुभूती आहे. पण मला नीट समजू द्या. म्हणजे आपल्या वडिलांनी, शासनाच्या कामासाठी नमुना घेतला जातोय हे माहीत असताना, जाणूनबुजून वेगळं पाणी भरून दिलं. असं आपलं म्हणणं आहे? तसं टिपणात घ्यायचं का?”

लिपिकाने पेन उचलून तिच्याकडे बघितलं. तिला सांगता आलं असतं. पाहुणे होते हो, असं म्हणता आलं असतं. त्यांची माया होती, लाज होती, ते तुमच्याकडच्या त्या मुलीचे पाय जपत होते, असं सगळं. ते सगळं खरं होतं आणि ते तिच्या ओठांपर्यंत आलं. धुतलेल्या धोतरातले आबा मान वळवून तिच्याकडे बघतायत असं तिला वाटलं. मागे तात्यांच्या खोकल्याचा आवाज आला.

“हो,” ती म्हणाली. “घ्या. भिकन मल्हारी कोळपे, वय बहात्तर, राहणार धोंडखेडा. चूक त्यांची.” लिपिक लिहीत होता. तिने त्याला लिहू दिलं. “घेतलं?”

“घेतलं, मॅडम.”

“आता पुढचं घ्या. हिवरीच्या वाहत्या पाण्याचा नमुना आमच्या गावात कुणी घेतलाय, कोणत्या तारखेला, त्याचं नाव विचारा.”

अध्यक्षांनी विश्वजीत सरांकडे बघितलं. सरांनी अहवाल उघडला, पान उलटलं, आणखी एक उलटलं. वकील त्यांच्या कानाशी वाकले. मोनिकाने मान वर केली नाही. पंख्याने कागद फडफडत होते आणि सर ते तळहाताने दाबून धरत होते. अध्यक्ष म्हणाले, “हं?” आणि थांबले.

“सांगा की, सायब,” पहिल्या रांगेतून आक्काबाई म्हणाली. “लाजताय कशाला? आमी काय पाव्हणं हावोत का?”

कुणी हसलं नाही. ज्ञानेश्वरी माइक धरून उभी राहिली.